सुगुणा येमूलच्या गोळ्या

“बाई, माझं आधी बघा. आणि मोठ्यानं सांगा, बाहेर ऐकू जाईल असं.”

दारातल्या बाईनं पदराआडून प्लास्टिकची छोटी बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. एवढं बोलूनच तिला धाप लागली होती. चौकट धरून ती तशीच उभी राहिली. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या, पण केस नीट विंचरून घट्ट वेणी घातलेली आणि कपाळाला ठसठशीत कुंकू. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा गुडघ्यांवर कोपरं टेकून, मान खाली घालून बसला होता.

“मी कुणाला निकाल सांगत नाही हो,” मी म्हणाले. “माझं काम निराळं आहे. मला तर बाटलीवर नावसुद्धा लिहायची परवानगी नाही.”

“नाव नका लिहू की. औषध हाय का नाही, तेवढं सांगा. घरात माझं कुणी खरं मानेना झालंय.”

ही सुगुणा येमूल.

सोलापुरात साखर पेठेच्या कडेला एका ट्रस्टचा दवाखाना होता. क्षयाच्या रोग्यांना तिथं गोळ्या फुकट मिळायच्या. मी तेव्हा रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत मला एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकी मिळाली होती. माझं सगळं संशोधन बोटाच्या पेराएवढ्या एका पट्टीचं. पट्टीवर कार्बनची शाई छापलेली आणि तिच्या टोकाला मी स्वतः लावलेला कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा नळ्यांचा. त्या थरावर लघवीचा एक थेंब सोडायचा, पट्टी एका डबीला जोडायची आणि हळूहळू विजेचा दाब वाढवत न्यायचा. क्षयाची मुख्य गोळी पोटात गेली असेल, तर ठरलेल्या एका दाबाला तिचा अंश त्या नळ्यांवर विजेचे कण सोडतो आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ चाललेली रेघ तिथं वर उचलते. आम्ही त्याला टेकाड म्हणायचो. टेकाड आलं म्हणजे गोळी घेतलेली आहे. रेघ सपाट गेली म्हणजे नाही.

ऐकायला सोपं आहे. पण लघवीतली बाकीची द्रव्यंही तिथंच आसपास आपली टेकाडं उभी करतात, आणि त्यांच्या गर्दीतून माझं एक वेगळं काढायला मला दोन वर्षं लागली होती. आता कुठं खऱ्या रोग्यांचे नमुने तपासायला मिळाले होते. रोगी गोळ्या खरंच घेतात की नाही, हे दवाखान्याला पटकन कळावं, एवढाच त्या पट्टीचा हेतू.

सुगुणाचा आजार वर्षभराचा. पहिला कोर्स संपला, खोकला थांबला नाही. मग दुसरा, इंजेक्शनांसकट. तरी वजन उतरतच गेलं. गोळ्या खरं तर दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर घ्यायच्या असत. पण तिला रोज एवढं अंतर चालवेना, म्हणून तिच्या गोळ्या घरी दिल्या जात. संशय आला तो तिथून. एकदा सासूला मोरीत गोळी दिसली. सुगुणाला उलटी झाली होती, तिच्यात पडलेली ती गोळी. सासूला ते पटलं नाही. सून गोळ्या टाकते, असं तिनं मुलाच्या मनात भरवलं. आणि मुलगा व्यंकटेश, टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं सरळ हिशेब मांडला. दवाखान्यात भिंतीवर लिहिलंय, गोळ्या नियमित घेणारा बरा होतो. ही बरी होत नाही. म्हणजे ही घेत नाही.

डॉक्टर कलादगींचंही मत तेच होतं. माणूस चांगला, पण दिवसभर तेच ते बोलून वैतागलेला. “मी तिला हात जोडून सांगितलं,” ते मला एकदा म्हणाले होते, “की बाई, मरायचंच असेल तर गोळ्या तरी फुकट घालवू नकोस.”

व्यंकटेशनं मग शेवटचा उपाय केला. सहा वर्षांच्या मुलीला, मौनिकाला, उचलून विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, आपल्या थोरल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. तू गोळ्या घेतेस हे दिसेल त्या दिवशी पोरगी घरी येईल, म्हणाला.

“लघवी लाल होते की बाई माझी,” सुगुणा म्हणाली. “नर्सताई म्हणतात, गोळी घेतली की लाल होते. पण आमच्या अत्ता, सासूबाई, म्हणतात, तू बीट खाल्लंस.”

ती हसली. मलाही हसू आलं. मी एक नवी पट्टी काढली.

थेंब सोडला, डबी सुरू केली. ती माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तिच्या श्वासाची घरघर मला ऐकू येत होती. रेघ डावीकडून निघाली, सरळ चालली, आणि जिथं उचलायची तिथं झपकन उचलली. इतकं स्वच्छ टेकाड मला प्रयोगशाळेत मुद्दाम औषध घालून केलेल्या नमुन्यातही क्वचित मिळालं होतं.

“आहे,” मी म्हणाले. नियम त्या क्षणी मी विसरून गेले. “भरपूर आहे.”

“मोठ्यानं, बाई.”

मी उठून दारात गेले. “अहो येमूल, आत या. तुमची बायको गोळ्या घेतेय.”

तो आला. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आज घेतली असेल. इथं यायचं म्हणून.”

सुगुणाचा चेहरा पडला नाही. जणू हे तिला ठाऊकच होतं. ती माझ्याकडे वळली. “मग तुम्ही घरी या बाई. मला न सांगता या. कधीपण या.”

आणि मी गेले. का गेले, याला उत्तर सोपं आहे. माझी पट्टी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाची ठरत होती. नमुन्यांच्या नंबरांमागं मला पहिल्यांदा माणूस दिसलं होतं, आणि त्या माणसाचं खरं करून दाखवणं माझ्या हातात होतं. मी तोंडाला मास्क बांधून, डबी आणि लॅपटॉप पिशवीत घालून साखर पेठेतल्या त्या गल्लीत शिरायची. दोन्ही बाजूंना मागांची खडखड, बोललेलं ऐकू येऊ न देणारी. कधी सकाळी जायची, कधी भर दुपारी. एकदा लागोपाठ दोन दिवस गेले, म्हणजे बाई काल आल्या आता आठवडाभर येणार नाहीत, असं कुणी म्हणायला नको.

सासू, नरसम्मा, उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या खेपेला मीच म्हणाले, “आजी, तुम्हीच जा तिच्याबरोबर. बाटली तुमच्या हातानं घेऊन या.” तिनं सूप खाली ठेवलं, सुनेबरोबर मोरीत गेली आणि बाटली घेऊन आली. टेकाड आलं. मी पडदा तिच्याकडे फिरवला. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

“हे वर गेलंय, ते औषध?”

“हो.”

“आणि टाकलं असतं तर?”

“सरळ गेली असती रेघ.”

मी माझ्या स्वतःच्या नमुन्याची जुनी सपाट रेघ तिला दाखवली.  पुढच्या खेपेला मी गेले, तेव्हा सुगुणा भिंतीला टेकून बसली होती आणि नरसम्मा तिला आपल्या हातानं पेज भरवत होती. मला बघून म्हणाली, “बघा तुमचं, पण मला आता गरज नाही.”

प्रत्येक खेपेला टेकाड आलं. एकदाही रेघ सपाट गेली नाही. शेवटच्या वेळी व्यंकटेश घरीच होता. पडदा बघून तो उठला, बाहेर गेला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळानं परत आला तो अशोक चौकातल्या गाडीवरची इडली घेऊन. पुडी त्यानं सुगुणाच्या पुढ्यात ठेवली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “सोमवारी दवाखान्याची तारीख हाय ना? मी मौनिकाला घेऊन तिकडंच येतो.”

सुगुणानं पदर तोंडावर घेतला. खोकला होता की रडू, मला कळलं नाही.

सोमवारी ती लवकरच आली. मोरपंखी साडी नेसलेली, लग्नातली. ती तिच्या अंगावर कशीबशी थांबली होती. बाकावर बसून ती फाटकाकडे डोळे लावून होती. “बाई, पोरगी ओळखेल ना मला? किती महिने झाले.”

“आईला ओळखणार नाही होय?” मी म्हणाले, आणि तिच्या सगळ्या आलेखांचे छापील कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले.

मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. “सर, तुम्ही तिला उगीच बोललात. बघा हे. ती सगळ्या गोळ्या घेतेय.”

डॉक्टर कलादगींनी पहिला कागद बघितला, दुसरा बघितला. मग चष्मा काढून ठेवला आणि सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून बघितले.

“तू स्वतः जाऊन घेतलेस नमुने?”

“स्वतः. न सांगता. सासूच्या देखत.”

“चूक असण्याची शक्यता?”

“नाही सर.” मला केवढा अभिमान होता त्या दोन शब्दांचा.

ते खिडकीकडे बघत राहिले. मी वाट बघत होते ते काहीतरी बरं बोलतील याची. माझ्याबद्दल, निदान तिच्याबद्दल.

“देगावकर,” ते म्हणाले, “ती गोळ्या टाकत असेल, याच्यावर मी थांबलो होतो.”

मला समजलं नाही.

“टाकत असती, तर मी तिला पोटात घ्यायला लावल्या असत्या. इथं बसवून, ओरडून, कसंही करून. दोन महिन्यांत उभी राहिली असती. पण ती घेतेय. वर्षभर सगळं औषध तिच्या अंगात जातंय आणि तिचा रोग त्याला मोजत नाहीये.” त्यांनी कागद टेबलावर ठेवले, फार हळू. “म्हणजे माझ्याकडचं एकही औषध तिच्यावर चालत नाही.”

“दुसरी औषधं असतील ना?”

“आहेत. आपल्या जिल्ह्यात अजून आलेली नाहीत. मुंबईला पाठवायचं तर आधी थुंकीची तपासणी, ती तिकडेच होते, जंतू वाढवून बघतात. काही महिने जातात. आजच पाठवतो. पण तिचा फोटो बघितलायस तू छातीचा? किती उरलंय तिथं?”

 बाहेर कुणीतरी लहान मुलाच्या आवाजात “अम्मा” म्हणालं.

डॉक्टर ताडकन उठले. माझ्याआधी ते दारात पोचले. फाटकातून व्यंकटेश येत होता, त्याचं बोट धरून फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची मुलगी. सुगुणा बाकावरून उठली होती. दोन्ही हात पसरून ती वाकली होती.

“थांबा!” डॉक्टर ओरडले. “मुलीला तिथंच धरा. जवळ आणू नका.”

व्यंकटेश थबकला. मुलगी थांबेना, बापाचा हात ओढू लागली. सुगुणा तशीच, हात पसरलेली. तिनं डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिला सांगणार होते ना, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी मान खाली घातली.

नर्सनं मौनिकाला आत नेऊन तपासलं. छाती स्वच्छ निघाली, फोटोही स्वच्छ निघाला. आईपासून दूर ठेवलं होतं, तेवढं व्यंकटेशच्या रागानं बरं केलं होतं. डॉक्टरांनी मग सुगुणाला आणि व्यंकटेशला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. गोल फिरवून नाही, पण हळू आवाजात. मुलीला या घरात राहू देऊ नका, आतापर्यंत रोग साधा समजत होतो, हा तसा नाही.

सुगुणानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “पण मी गोळ्या घेत होते, हे खरं ना?”

“खरं.”

“एकपण टाकली नव्हती.”

“नाही टाकली.”

“मग मी काय चुकले?”

 व्यंकटेश रडत होता, आवाज न करता. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो हळूच बाजूला केला आणि आपल्या तोंडावर पदर धरला, त्याला लागू नये म्हणून.

त्या दिवशी मौनिका आईला हात न लावता परत विडी घरकुलात गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. नरसम्मानं दुःखाच्या भरात शेजारणीला सांगितलं, माझी सून खरी होती, तिच्या रोगाला औषधच नाही. दोन दिवसांत ‘औषध नसलेला रोग’ सगळ्या पेठेत झाला. शेजारच्यांनी नळावर वेगळी वेळ धरली. कारखान्याच्या मालकानं व्यंकटेशला थोडे दिवस घरीच थांबायला सांगितलं. आणि विडी घरकुलातून व्यंकटेशच्या बहिणीचा, अनसूयाचा निरोप आला. साधा टीबी होता तोवर पोरीला ठेवली. पण असला रोग असलेल्या घरातली पोर माझ्या पोरांत मी ठेवणार नाही. रविवारी घेऊन जा.

डॉक्टर स्वतः अनसूयाशी फोनवर बोलले. मुलगी निरोगी आहे, माझी हमी. ती म्हणाली, तुम्हीच वर्षभर म्हणत होता, गोळ्यांनी बरी होईल. आता तुमची हमी कशी मानू? डॉक्टरांनी फोन खाली ठेवला.

शनिवारी नरसम्मा दवाखान्यात आली. “सुगुणानं बोलावलंय. एकदा या.”

सुगुणा आतल्या खोलीत खिडकीखाली पडून होती. बाहेर माग बंद होते, शनिवारी वीज नसायची, आणि त्या शांततेत तिचा श्वास फार मोठा वाटत होता. मी बसले. ती उठायला गेली, पण जमलं नाही. मग आडवीच बोलली.

“बाई, मौनिका इथं आली तर तिला होईल ना?”

“होऊ शकतं.”

“आणि वदिना, यांच्या बहीण, तिला ठेवणार नाहीत. माझ्या माहेरी कुणी नाही.” तिनं मान माझ्याकडे वळवली. “तुमची पट्टी चुकली म्हणा.”

“काय?”

“पट्टी चुकली म्हणा. सुगुणा गोळ्या टाकतच होती, मशीन फसलं. मग साधा टीबी होतो की. साध्याला त्या भीत नव्हत्या. चूक माझी. माझी मी मरेन, पण रोग तर साधाच राहील.”

“सुगुणा, तू तर…”  महिनाभर ती एवढ्या एका गोष्टीसाठी भांडली होती.

“तुमचं ऐकतील त्या. मशीनवाल्या बाई म्हणून गल्लीत सगळे ओळखतात तुम्हाला. पट्टीला काय, ती थोडीच रुसणार हाय?”

“आणि तुझं नाव?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फार लहान आहे. “नावाचं काय करू बाई मी आता?”

व्यंकटेश दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, तो नाही म्हणेल, निदान चिडेल. पण तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला शर्ट काढून अंगात घालू लागला.

आम्ही दोघं रिक्षानं गेलो. विडी घरकुलातल्या एकसारख्या घरांच्या रांगेत अनसूयाचं घर टोकाला होतं. ती पाट मांडून विड्या बांधत होती आणि मौनिका तिच्या शेजारी बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होती. बापाला बघून उठली, मग माझ्याकडे बघून बसली. तिचे कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेले होते.

मी वाक्य मनात जुळवत होते. कसं सुरू करावं, तेच सुचत नव्हतं. व्यंकटेश माझ्याआधी बोलला.

“अक्का, मशीन चुकलं होतं. टाकायचीच ती गोळ्या.”

अनसूयाचे हात थांबले. “कोण म्हणतं?”

“या बाई. यांचंच मशीन.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तिघांनी, मौनिकानंही.

“हो,” मी म्हणाले. “आमची चूक झाली. रोग साधाच आहे. गोळ्या न घेतल्यामुळं वाढला.”

“म्हणजे औषध नाही असं काही नाही?”

“नाही. औषध आहे.”

अनसूयानं मोठा श्वास सोडला, आणि मग तिचा राग उसळला. सुटकेनंतर येतो तसा. “बघा! मी पहिल्यापासून म्हणत होते. आपली अम्मा म्हणत होती. काय बाई हाय ही! नवऱ्यासाठी नको, पण पोटच्या पोरीसाठी तरी गिळायच्या होत्या दोन गोळ्या! आणि उलट सगळ्यांना मशीन लावून खोटं पाडलं!” ती बराच वेळ बोलत होती. व्यंकटेश उभा राहून सगळं ऐकत होता. मधे एकदाही त्यानं मान वर केली नाही. मग ती उठली, दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मौनिकाच्या हातातला दोरा तसाच होता.

“बापू,” तिनं विचारलं, “अम्मा गोळ्या फेकून द्यायची?”

“हो,” व्यंकटेश म्हणाला, आणि चपला घालायला बाहेर गेला.

त्यानंतर सुगुणा थोडेच दिवस जगली. मुंबईचा रिपोर्ट ती गेल्यावर आला, आणि डॉक्टर कलादगी म्हणाले होते तेच त्यात होतं. माझा प्रबंधही पुढं पूर्ण झाला. पट्टीची अचूकता त्यात चांगली सिद्ध झाली आहे. मौनिका आत्याकडेच वाढली, तिला काही झालं नाही. साखर पेठेत अजून कुणी टीबीच्या गोळ्यांचा कंटाळा केला, की त्याला येमूलांच्या सुनेचं नाव सांगतात.

पण त्या शनिवारी विडी घरकुलातून मी परस्पर घरी गेले नाही. मला सुगुणाला सांगायचं होतं. ती जागीच होती.

“ठेवून घेतलं?”

“घेतलं.”

“वदिना फार बोलल्या असतील.”

“थोडं बोलल्या.”

“बोलू दे.” ती गालात हसली. डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिली. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी उठले. तेव्हा तिनं डोळे उघडले.

“बाई, हे सगळं बोलताना मौनिका तिथं होती का?”

“नाही,” मी म्हणाले. “ती बाहेर खेळत होती.”

“बरं झालं,” सुगुणा म्हणाली.